पालखीची वाट आणि खिळ्यांची फळी

मित्रांनो, माझ्या अंगावर एकवीस खिळे आहेत म्हणून मला अडगळ समजू नका. मी नळदुर्गजवळच्या एका गावातली जुनी फळी. आधी बैलगाडीला होते. गाडी मोडली, तेव्हा मल्लिनाथनं मला उचललं आणि थेट हैदराबादच्या विद्यापीठात नेलं. तिथं तो ठिपके आणि रेघांच्या जाळ्यांचं वरचं गणित शिकत होता. आलेख-सिद्धांत म्हणतात त्याला. खिळे म्हणजे ठिपके, सुतळी म्हणजे रेघा. उर्दूतून शिकवणारे त्याचे प्राध्यापक मला बघून "वाह, क्या बात है!" म्हणाले. मी फुगून गेले, खोटं कशाला सांगू?

१९४४ च्या सुट्टीत आम्ही गावी आलो. मल्लिनाथचे वडील महांतप्पा मठाच्या पालखीचे मानकरी. रीत अशी, की पालखीनं मठातून निघून प्रत्येक गल्लीतून एकदाच जायचं आणि मठातच परतायचं. गल्ली सोडायची नाही, दुसऱ्यांदा तुडवायचीही नाही. दरसाल काहीतरी चुकायचं आणि मानकऱ्याच्या नावानं शिमगा व्हायचा.

"यंदा चुकलं तर मान गेला," महांतप्पा म्हणाले. "लई शिकलास ना? वाट दाखव, न्हायतर हैदराबाद बंद. नांगर धर."

मल्लिनाथनं मला ओट्यावर ठेवलं. चौकाला खिळा, गल्लीला सुतळी.

"अप्पा, अशी वाटच न्हाय. तुमची चूक न्हवतीच कधी. पालखी चौकात एका गल्लीनं शिरती, दुसरीनं निघती. म्हणून गल्ल्या जोडीनं पायजेत. दोन चौकांत तीन-तीनच हायेत. एक चौक आपल्या दारापुढं, दुसरा आपल्या गोठ्यामागं. त्या दोघांच्या मधी एक वाट झाली, की जमलं."

महांतप्पांनी सुतळीवरून बोट फिरवलं. अडकले की पुन्हा मठापासून सुरुवात. माझा जीव टांगणीला! शेवटी ते उठले, पहार आणली आणि स्वतःच्याच गोठ्याची भिंत पाडायला लागले.

"अवो, म्हशी कुठं बांधू?" मल्लिनाथची आई नीलम्मा ओरडली.

"खळ्यावर बांध. पोराचं बरोबर हाय."

त्या वर्षी पालखी आमच्या गोठ्यातून गेली आणि एकही गल्ली न सोडता मठात परतली. वाट कुणी काढली, असं लोकांनी विचारलं. महांतप्पांनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं. "माझ्या पोरानं! अजून लई शिकायचंय त्याला."

आता मी माळ्यावर पडून आहे. सुतळी उंदरांनी नेली. मित्रांनो, मला नवी सुतळी द्या, मी अजून कामाची आहे. आणि कुणी पोर मातीत रेघोट्या ओढताना दिसलं, तर त्यावर पाय देऊ नका, काय काढतंय ते आधी बोट फिरवून बघा. महांतप्पांनी तेवढंच केलं होतं. त्या गोठ्याची भिंत आजवर कुणी पुन्हा बांधलेली नाही.