तीन दिवसांत धुतलेले मासे

जलाशयाच्या काठावर अख्खं दोल्नो ब्लातो गाव लोटलं होतं. म्हाताऱ्या मेणबत्त्या सांभाळत होत्या, पोरं बापांच्या खांद्यावर चढली होती. मधोमध पांतेलेयबाबा पाण्यात उभा होता, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून. सर्दी संतांनाही होते.

"तीन दिवसांपूर्वी या पिंजऱ्यात काय सोडलं होतं?"

"रोगट कार्प मासे, बाबा!"

"अंगावर?"

"फोड!"

"आणि आता बघा!"

जाळीचा पिंजरा वर आला. आत सहा कार्प, आरशासारखे लखलखीत. बाबानं एकाचं पोट चिरून लालभडक काळीज दाखवलं. "कातडी कारखान्याचं विष माझ्या तांब्याच्या क्रुसानं शोषलं! निकोला संताच्या सणाला पोटभर मासे खा!" बायकांना हुंदके फुटले. कारखान्याचा मॅनेजर तर सगळ्यांत मोठ्यानं रडला.

राद्काला मात्र रडू आलं नाही. ती जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत कामाला होती. तिची आई स्तोयना ही बाबाची पट्टशिष्या; पिंजऱ्यात मासे भरायचं पुण्यकर्म तिच्याकडेच होतं. सण नऊ दिवसांवर आला होता आणि घरात सातव्या महिन्यातली सून होती.

"आई, इथला मासा वहिनीला देऊ नकोस."

"शिकलीस आणि देवाला विसरलीस! तुझ्या इंजेक्शनानं आपली गाय तरी बरी झाली का गं?"

"झाली की. रोज दूध कोण पितंय मग?"

आईनं पिंजऱ्यातला एक मासा प्रसाद म्हणून घरी आणला होता; राद्कानं तो उचलला, जलाशयातला एक ताजा मासा पकडून आणला आणि दोन्ही प्रयोगशाळेत नेले. चार दिवसांनी तिनं आईला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"हे काळपट ठिपके कसले गं?"

"ही आपल्या जलाशयातल्या माशाची प्लीहा, रक्त गाळणारा अवयव. ठिपके म्हणजे त्याच्या अंगातल्या पहारेकरी पेशी. घाण शिरली की त्या गिळतात, आणि गिळून गिळून असे गठ्ठे करून बसतात."

"आणि बाबांच्या माशात?"

"जेमतेम एक-दोन."

"बघ! धुतले गेले!" आईनं टाळी वाजवली.

"आई, महिनोन् महिने साचलेलं तीन दिवसांत जात नाही. वय वाढलं की हे गठ्ठेही वाढतात, म्हणून वय कळायला खवल्यांवरची वलयंसुद्धा मोजली. दोघेही तीन वर्षांचेच. बाबाचा मासा आपल्या पाण्यात कधी राहिलाच नाही."

स्तोयनानं पुन्हा काचेला डोळा लावला आणि हळूच म्हणाली, "उद्या परत पिंजरा भरायचाय. शेपटीचा कोपरा कापला तर माशाला फार दुखतं का गं?"

तिसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी, पुन्हा मेणबत्त्या. पिंजरा वर आला, सहा कार्प लखलखले. स्तोयना पुढे झाली आणि एकेक शेपूट उचलून बघू लागली.

"मावशी, कृपेला हात लावू नये!" बाबा ओरडला.

"बाबा, सहाही माशांच्या शेपटीचा वरचा कोपरा मी माझ्या कात्रीनं कापला होता. फोड गेले ते समजलं. शेपट्या कशा उगवल्या?"

"कृपा झाली की शेपूटही उगवतं!"

"मग माझे दात उगवा!" म्हातारीनं बोळकं उघडून दाखवलं.

आधी एक जण हसला, मग सगळा काठ. हसता हसताच चौघांनी काठावर उभी असलेली बाबाची गाडी उघडली. झग्यांच्या ढिगाखाली पाण्याची टाकी, आणि तिच्यात अंगावर फोड असलेले सहा कार्प, शेपट्या कापलेले. बाबाच्या ड्रायव्हरनं सगळं ओकून टाकलं: निरोगी मासे डोंगरावरच्या मत्स्यतळ्यातून यायचे, अंधारात पिंजऱ्यात जायचे. आणि गाडी कोणाची? कातडी कारखान्याची. मॅनेजरचे अश्रू एकदम आटले.

"मग पोरी, सणाला खायचं काय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"डोंगरावरच्या तळ्यातला मासा खा. बाबाचाही विश्वास त्याच्यावरच आहे." राद्का हसली नाही. "पेशी एवढंच सांगतात की मासे त्रासात आहेत. कशानं, ते पाणी तपासल्यावर कळेल. कारखान्याचं सांडपाणी जलाशयात सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी नमुना घेऊ, सगळ्यांच्या सहीनं अर्ज देऊ. आणि यापुढे कोणी चमत्कार दाखवायला आला, तर त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा: आम्ही आमची खूण करून देऊ का?"

स्तोयनानं टाकीची एक कडी धरली. "दुसरी कोण धरतंय?"

दोन बायका पुढे आल्या. मेणबत्त्या विझवून सगळं गाव त्यांच्यामागून कारखान्याच्या फाटकाकडे निघालं.