टरबूज बुडालं तेव्हा

मी पवनारमधला एक जुना लॅपटॉप आहे आणि माझ्या पडद्यावर एक टरबूज बुडालं होतं. मित्रांनो, टरबूज कधी बुडत नसतं, हे धाम नदीच्या काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. मला जे आकडे देतात ते मी करून दाखवतो. एवढीच माझी अक्कल.

माझी पहिली दहा वर्षं नागपूरच्या एका कचेरीत गेली. तिथे माझ्यावर चहा सांडला, माझं एक बटण निखळलं आणि शेवटी मला भंगारात काढलं. वर्ध्याच्या एका दुकानातून वर्षालीने मला घरी आणलं, तेव्हा तिची आई गोपिकाबाई हिने स्वतःच्या पदराने माझा पडदा पुसला. इतक्या वर्षांत मला कुणी पुसलं नव्हतं.

वर्षाली बारावी झालेली. घरची भाज्यांची आणि टरबुजांची वाडी. तिला गेम बनवायचे होते, आणि तेही खोटे खोटे नव्हे. तिच्या गेममध्ये वस्तू खरी पडली पाहिजे, खरी घरंगळली पाहिजे. नागपूरच्या एका संस्थेत वर्षभराचं फुकट शिक्षण मिळणार होतं. त्यासाठी स्वतः बनवलेला एक गेम घेऊन जायचं होतं. निवड झाली तर नागपूर, नाही तर बंडूमामांनी ठरवलेलं सिंदी मेघेचं मोबाइलचं दुकान. मधला रस्ता नव्हता.

तिने नदीपार टरबुजं नेण्याचा गेम मांडला. इंग्रजी धडे बघून ती वहीत मराठीत उतरवून घ्यायची. धड्यात 'मास', म्हणजे वस्तुमान, आलं की ती लिहायची 'वजन'. घरात, बाजारात सगळे वजनच म्हणतात. इथवर ठीक होतं. पण शाळेत तिच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं की वजन किलोत लिहिलं तर शून्य मार्क. किलोला नऊ पूर्णांक आठने गुणा, मगच वजन. का गुणायचं ते कुणी सांगितलं नाही. छड्या मात्र वेळेवर मिळाल्या. म्हणून तिने काट्यावर पाच किलो भरलेलं टरबूज घेतलं, इमानदारीने गुणाकार केला आणि माझ्यात एकोणपन्नास भरले. मला तिथे वस्तुमान हवं होतं, साधे पाच. मी गुमान एकोणपन्नास घेतले.

टरबूज पडलं बरोबर. जड असो की हलकं, पडताना सगळं सारखंच पडतं, त्यामुळे चूक दिसली नाही. ढकलताना ते हलेना, म्हणून तिने ढकलणाऱ्याचा जोर दहापट केला. तेवढ्यात बंडूमामा आले.

"पाहा वं गोपिकाबाई! घरचे टरबुजं उचलाले सांगतलं त पोरीची कंबर दुखते, अन् इथं दिवसभर ढकलून राह्यली!"

गोपिकाबाई हसत माझ्याजवळ आली. नेमकं तेव्हाच टरबूज पाण्यात पडलं आणि तळाला गेलं.

"हे काऊन बुडून राह्यलं वं? आमी त्या काठावरून टरबुजं पाण्यात लोटून देवो, ते आपलेआप तरंगत येत. तुयं टरबूज गोट्याचं आहे काय?"

"माय, तुले काय समजते? हे भौतिकशास्त्र आहे!"

"असंन बाप्पा," गोपिकाबाई म्हणाली आणि चुलीकडे गेली. पुन्हा ती माझ्या पडद्यापुढे कधी आली नाही.

वर्षालीने आकडा तपासला नाही. तिने पाणीच दहापट घट्ट केलं. टरबूज तरंगलं. पोरगी टाळ्या वाजवत नाचली आणि मी, लाज नसलेलं यंत्र, तिला ते खोटं पाणी झुळझुळ वाहतं दाखवत राहिलो.

नागपुरात तिच्यासमोर तीन माणसं बसली होती. गेम बघून ती माणसं खूश झाली. मग त्यातल्या एकाने विचारलं, "यात माणूस पडला तर?" आणि माझ्यातला तयार बाहुला उचलून नदीत टाकला. त्याचा आकडा खरा होता, साठ किलो. त्या घट्ट पाण्याने त्याला असं उसळवलं की तो फुग्यासारखा आभाळात गेला. तिघंही पोट धरून हसली. एकानेही विचारलं नाही की पोरी, कुठे चुकलीस. निवड झाली नाही.

घरी येऊन तिने वही उघडली, वाचली, पुन्हा वाचली. मग एकोणपन्नास खोडून पाच केले, पाणी पहिल्यासारखं केलं आणि जोरही कमी केला. टरबूज हलकेच वर आलं, थोडं डोललं आणि काठाकडे निघालं. अगदी खरं. मी आजवर दाखवलेलं सगळ्यांत खरं चित्र तेच.

मित्रांनो, तेव्हा गोपिकाबाई पलीकडे मेथी निवडत बसली होती. चार पावलांवर.

वर्षाली आता सिंदी मेघेत लोकांच्या मोबाइलवर काचा चिकटवते. मी फळीवर बियाण्याच्या पिशवीखाली आहे. माझ्यावरची धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. यंत्राचं काय, यंत्रं ढिगाने मिळतात. पण ज्या माणसाने वस्तू हातात तोलली आहे, त्याला 'तुले काय समजते' म्हणू नका. आणि म्हणालाच असाल, तर चूक कळल्यावर त्याला हाक मारा. माझ्यात गाणी वाजतात, घंटा वाजते, पण हाक मारता येत नाही. ती वर्षालीनेच मारायची होती. तिने टरबूज काठाला लागेपर्यंत पाहिलं आणि माझं झाकण लावलं.