वाळूतली बिऱ्हाडं

“काका, ही टाकी आजच्या आज घासून काढा आणि वाळूवर ब्लीचिंग पावडर मारा. उद्या पाहुणे येणार, त्यांना हे असलं हिरवं दाखवायचं?” नव्या इंजिनिअर मॅडमनी नाकाला रुमाल लावला.

गावाच्या नळांचं पाणी गाळायच्या या टाकीवर काकांची एकतीस वर्षं गेली होती. सगळे त्यांना शेवाळकाका म्हणत आणि तेही खुशाल ओ देत. साहेबलोकांपुढे ब्र काढायची त्यांना सवय नव्हती. आज मात्र त्यांनी खराटा भिंतीला टेकवला.

“नोकरी गेली तरी चालेल मॅडम, पावडर नाही टाकणार.”

“अहो, घाण आहे ती!”

“घाण कसली, बिऱ्हाडं आहेत.” त्यांनी वाकून बोटावर थोडी बुळबुळीत साय घेतली. “यात शेवाळ आहे, अळ्या आहेत, डोळ्यांना न दिसणारे तर किती जीव आहेत. एकाचं उष्टं दुसरा खातो, दुसऱ्याला तिसरा. रोगाचे जंतूपण त्यांच्याच पोटात जातात. नुसती वाळू काय कपाळ गाळणार?”

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

काकांनी बोटावरची साय अलगद पाण्यात परत सोडली.

“नवा होतो तेव्हा. साहेब खूश होतील म्हणून टाकी लख्ख घासली, वर पावडर मारली. शाबासकी मिळाली. पावडर गेली वाहून, आणि वाळूत राखणीला कोणी उरलंच नाही. आठवड्याभरात घरोघरी जुलाब. माझी मुलगी दोन वर्षांची होती, मॅडम.”

मॅडमचा रुमाल खाली आला.

“राहू दे काका. उद्या पाहुण्यांना मी सांगते,” त्या हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी काकांनी घरी सगळं सांगितलं. मुलगी गेली त्या वर्षापासून काकूंनी न उकळलेलं पाणी घरात कोणाला दिलं नव्हतं. काकांनी कधी का म्हणून विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं!

“तुम्हालाही तेव्हा कोणी असं सांगायला हवं होतं हो,” काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग त्या उठल्या. दोन पेले थेट नळाखाली धरले. एक काकांच्या हातात दिला आणि दुसरा उभ्या उभ्याच पिऊन टाकला.