पौषातले गव्हले

"गुर्जी, तुमचा गव्हला उंदरावानी झालाय," चंद्रभान म्हणाला.

सगळा वर्ग हसला. दिनकररावांनी तळहातावरचा पिठाचा तुकडा खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिला. लग्नात खिरीसाठी वळतात तसा तो व्हायला हवा होता गव्हाच्या दाण्याएवढा. झाला होता चिंचोक्याएवढा आणि एका टोकाला शेपूटही आलं होतं.

"शेपूट तेवढं तोडतो," ते म्हणाले. "बाकी उंदीर झ्याक हाय."

"तुमी अंगठा दाबायलाव नुसता. फिरवत न्हाई," पुढे बसलेली दैवशाला म्हणाली. वय सहा, बोलणं साठीच्या बाईसारखं. "हे बगा. अंगठा म्होरं, बोट मागं."

तिच्या चिमटीतून दोन्हीकडे निमुळता झालेला गव्हला पाटीवर पडला. मग दुसरा, मग तिसरा. दिनकरराव गव्हल्यांकडे पाहत नव्हते, चिमटीकडे पाहत होते. अंगठा पुढे जाताना मधलं बोट खालून टेकू देतं, हे त्यांना आजच दिसलं होतं.

निजामाच्या राज्यातलं फसली सन तेराशे त्रेपन्न, म्हणजे १९४३-४४. गंगाखेड तालुक्यातल्या त्या सरकारी शाळेत बिगरीच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या, वर्गात तेवीस मुलं होती, त्यांत पाच मुली. दिनकररावांना शाळेत सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यांतली पंचवीस वरच्या वर्गाला शिकवण्यात गेली होती. त्यांचं अक्षर पंचक्रोशीत माहीत होतं. अर्ज करायचा असला की लोक राणीसावरगावाहून चालत येत, त्यांच्याकडून लिहून घेत.

मागच्या श्रावणात एका सकाळी त्यांच्या तोंडाची एक बाजू लोंबली आणि उजव्या हाताची बोटं गार पडली. तोंड आठ दिवसांत सरळ झालं. अंगठ्यातली आणि त्याच्या शेजारच्या बोटातली ताकद मात्र परत आली नाही. शाळेत त्यांनी कळवलं ते 'तापानं पडलो होतो' एवढंच. मग त्यांनी हेडमास्तर किशनरावांकडे बिगरीचा वर्ग मागितला. तो वर्ग आपणहून कुणी मागत नाही. पण बिगरीत फळ्यावर एकच अक्षर काढावं लागतं, तेही मोठं, आणि ते वाकडं आलं तर मुलांना कळत नाही.

तिथे त्यांना एक कोडं पडलं. ही मुलं शेतात कापूस वेचतात, शेंगा तोडतात. मग पाटीवरची पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत का धरतात? आणि पाचही मुली ती बरोबर चिमटीत का धरतात?

उत्तर घरी मिळालं. एक दिवस ते भिंतीला टेकून बोटं चोळत बसले होते. त्यांच्या पत्नी कस्तुराबाईंनी पिठाचा गोळा त्यांच्यापुढे ठेवला.

"नुसते चोळत बसण्यापरीस गव्हले तरी करा."

"हे बायकांचं काम."

"मग बायकांची बोटं कशी चांगली हायत? घरात कुणाचंबी लगीन ठरलं की आमाला चार वर्साच्या आसताना बसवत्यात गव्हले करायला. पोरं तवा गोट्या खेळत्यात."

दिनकररावांनी गोळा पुढे ओढला. दुसऱ्या दिवशी धोतराच्या सोग्यात मूठभर भिजवलेलं पीठ बांधून ते शाळेत गेले. पीठ वाचावं म्हणून त्यांनी काळी मातीही वापरून पाहिली. ती बोटांना चिकटायची आणि वाळली की तडकायची. दाण्याची टंचाई होती, सरकारात धान्याची लेव्ही भरावी लागत होती, म्हणून तेच पीठ पुन्हा पुन्हा वापरायचं ठरवलं. गव्हले शाळेसमोरच्या बाजेवर वाळले की कस्तुराबाई ते कुटून पुन्हा भिजवून देत. सोमवारी गव्हले. मंगळवारी नखुले, म्हणजे मुगाएवढी गोळी नखावर दाबून ओढायची. बुधवारी ज्वारीच्या धांड्याच्या भेंडाच्या बैलगाड्या. गुरुवारी काडीने टाचून पळसाच्या पत्रावळी. प्रत्येक कामात कोणतं बोट राबतं ते पाहायचं, आणि मगच पेन्सिल हातात द्यायची.

दहाव्या दिवशी चंद्रभानची आजी, दगडाबाई, शाळेच्या दारात उभी राहिली. हातात हळदीकुंकवाचा करंडा.

"मास्तर, लगीन कुणाचं हाय?"

"लगीन?"

"बाजेवर गव्हले वाळायलेत. आमचं चंद्या घरी भाकरीचं पीठ चिमटायलंय. आन् गावात कुणाला आवतन न्हाई! त्यात हे पौषात? पौषात कुणी लगीन धरतं व्हय?"

दिनकररावांनी सांगितलं. दगडाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि करंडा कमरेला खोचला.

"म्हंजी पोराला बाई करायलाव."

"पाटी बगा त्याची."

दगडाबाईला वाचता येत नव्हतं. पण पाटीवरच्या रेघा आता कापत नव्हत्या, एवढं तिला दिसलं. मग तिची नजर दिनकररावांच्या हातातल्या उंदरावर गेली.

"अगं बया! हे कुणी केलं?" ती खाली बसली. "द्या हिकडं. मास्तर हाय का कोण हाय?"

तपासणी चैत्राच्या शेवटी आली. तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याचे तपासनीस, मोहतमीम साहेब गंगाखेडहून बैलांच्या दमणीतून आले. वयस्कर, शेरवानीतले, दम्याने थोडे वाकलेले. पहिली त्यांची नजर बाजेवर गेली.

"शादी किसकी है?"

किशनरावांनी घाम पुसला. दिनकररावांनी पुढे होऊन समजावलं. साहेब वर्गात आले, एका मुलाच्या शेजारी उकिडवे बसले, गोळी उचलली आणि नखावर दाबली. नखुला नखालाच चिकटून बसला.

"तुमाला येत न्हाई," दैवशाला म्हणाली.

"दैवशाले!" किशनराव ओरडले.

"सच तो बोली," साहेब म्हणाले. त्यांनी एकेका मुलाचा हात उलटा करून पाहिला, पाट्या पाहिल्या. उठले तेव्हा मात्र कपाळाला आठी होती. "मास्टरसाब, काम अजीब है. पण लेव्हीचा जमाना आहे. ऊपर कुणी कळवलं की मदरशात अनाजाचा खेळ चालतो, तर मैं क्या जवाब दूं? शामपर्यंत कैफियत लिहून द्या. मरेठी में चलेगा. यानं फायदा होतो, याचा सबूत पाहिजे. नहीं तो कल से बंद."

साहेब दुपारच्या विश्रांतीला चावडीत गेले. किशनरावांनी कचेरीचं दार लोटून घेतलं आणि दौत ओढली.

"सांगा तुमी. मी लिव्हतो."

"तुमी का?"

"दिनकरराव, मला दिवाळीपसून ठावं हाय. फळ्यावरचा तुमचा 'अ' बगितला तवाच कळलं. दोन वर्सं ऱ्हायलीत पेन्शनीला. कशाला उगं उघडं पडता? साहेबानं तुमचं अक्षर बगितलेलं न्हाई. खाली तुमचं नाव टाकू, मिटलं."

दिनकररावांनी दौत आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "साहेबांनी सबूत मागितलाय. चार महिन्यांत पोरांची अक्षरं सुदारली म्हणलं तर साहेब म्हणतील, पोरं वाढतच आसतात. माझं वय वाढून हात सुदारत न्हाई. श्रावणात ह्या हातात टाक ऱ्हात नव्हता."

"आन् आता?"

"आता बगू."

"आवो, बगू काय बगू? आपल्या हातानं आपली नोकरी घालवायलाव तुमी!"

"बंद पडलं तर चंद्रभान उद्या परत मुठीत धरल पेन्सिल."

किशनराव दार उघडून बाहेर जाऊन उभे राहिले.

दिनकररावांनी टाक अंगठ्याने पुढे आणि बोटाने मागे धरला. मधलं बोट खालून टेकवलं. पहिला शब्द ओळीवर बसला नाही. दुसऱ्यावर शाई सांडली. तिसऱ्या ओळीला बोटं थकली, तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवून शंभर अंक मोजले आणि पुन्हा टाक उचलला. त्यांनी खोटं काही लिहिलं नाही. मूठभर पीठ किती दिवस पुरतं, कोणतं काम कोणत्या वारी, अठरा मुलग्यांपैकी सतरांची पेन्सिल सुधारली, एकाची नाही, हे लिहिलं. शेवटी लिहिलं, 'चोविसावा विद्यार्थी मी. अर्धांगाने अंगठा व तर्जनी गेली होती. ही कैफियत त्याच हाताने लिहिली आहे.' सही केली. सगळ्या मिळून अकरा ओळी झाल्या. बाहेर ऊन कलून भिंतीवर चढलं होतं.

साहेबांनी कागद उभ्यानेच वाचायला घेतला. चौथ्या ओळीला ते खुर्चीवर बसले. अक्षरं मोठी होती, कुठे आडवी झालेली, पण एकही तुटलेलं नव्हतं.

"कितना वक्त लगा?"

"दोन अडीच तास, साहेब."

"छब्बीस साल की नौकरी है आपकी?"

"जी."

साहेबांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तपासणीच्या वहीत त्यांनी उर्दूत दोन ओळी लिहिल्या आणि किशनरावांकडे न पाहता वाचून दाखवल्या. पहिली ओळ हे काम चालू ठेवावं, अशी होती. दुसरी, बिगरीच्या वर्गाला पुढच्या महिन्यापासून दुसरा मास्तर द्यावा, अशी.

"कायदा आहे, मास्टरसाब. हात अधू झालेल्या मास्टरला नौकरीत ठेवता येत नाही," ते हलकेच म्हणाले. "नवा आदमी येईल. त्याला हे सब सिखा के जाइए."

"त्याला आधी गव्हले करता यायला पायजेत," दिनकरराव म्हणाले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि ती अटही वहीत लिहायची असल्यासारखा टाक पुन्हा शाईत बुडवला.

दमणी निघून गेली. दिनकररावांची तीन बोटं पेरांपर्यंत काळी झाली होती. पुसायला काही सापडेना. त्यांनी टोपी काढली, नव्याने दौत हाती आलेल्या पोरासारखी ती बोटं डोक्याच्या पांढऱ्या केसांना पुसली, आणि टोपी पुन्हा नीट बसवली.