खाचेतला उजेड

त्या रविवारी पहाटे आम्ही खाणीवर पोहोचलो तेव्हा बाबा खुशीत होते. खुशीत असले की ते बोलत नसत, कामाला लागत. ट्रायपॉडचे पाय त्यांनी दगडांत पक्के बसवले, कॅमेऱ्याच्या डोक्यावर चिकटवलेल्या गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आणला आणि मला म्हणाले, "त्या पाण्याच्या कडेला उभी राहा. टॉर्च छातीशी धर."

अंधारात कॅमेऱ्याला नेम धरायला काहीतरी लागतं. ते काहीतरी म्हणजे मी. तीन वर्षं मी दगडांपाशी, झाडांपाशी, कुंपणांपाशी टॉर्च घेऊन उभी राहत आले होते. नेम लागला की बाबा एक फोटो खात्रीसाठी काढायचे आणि हात हलवायचे. "हो आता बाजूला."

बाबांनी भूमापन कार्यालयात चौतीस वर्षं नकाशे काढले. टेकड्या, ओढे, खाणी, सगळं कागदावर; प्रत्यक्षात त्यातलं काही पाहिलं नव्हतं. मोजणीला दुसरे जायचे, बाबा टेबलावर असायचे. निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी कॅमेरा घेतला आणि एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. आई म्हणाली, "चौतीस वर्षं रेघा मारल्या, आता बटणं मारा."

पहिल्या वर्षी त्यांच्या प्रत्येक फोटोत एक तर आकाश पांढरंफटक किंवा जमीन काळीकुट्ट. सर म्हणायचे, "आकाश सांभाळा. अंधारातली जमीन मागाहून थोडी उजळता येते, पण जळालेलं आकाश परत येत नाही." हे वाक्य बाबांनी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्यांचं क्षितिज मात्र पहिल्या दिवसापासून सरळ. वर्गात त्यांना लेव्हलकाका म्हणत. एक दंतवैद्य होते, ते फक्त मावळतीचे फोटो काढत म्हणून त्यांचं नाव सूर्यास्त. ते एकदा म्हणाले, "काका, क्षितिजाला इस्त्री करून आणता का घरून?"

"इस्त्री नाही," बाबा म्हणाले, "सवय."

खाणीचा शोध त्यांनीच काढलेल्या एका जुन्या नकाशावरून लागला. खाण कधीच बंद पडली होती, तळाशी पाणी साचलं होतं. पूर्वेच्या कड्यात दगडाच्या गाड्या बाहेर काढायला पाडलेली एक खाच होती. बाबांनी कोन मोजून मला दाखवलं होतं, की वर्षातले सगळ्यात लहान दिवस येतात त्या आठ-दहा दिवसांतच सूर्य बरोबर त्या खाचेतून वर येईल, आणि पाण्यावर पडलेला उजेड जेमतेम आठ मिनिटं टिकेल. पहिल्या वर्षी ढग होते. दुसऱ्या वर्षी आभाळ स्वच्छ, पण आदल्या दिवशी घरात फोटो काढताना ठेवलेली सेटिंग तशीच राहिली आणि सगळे फोटो रवा सांडल्यासारखे दाणेदार आले. बाबा तेव्हा वैतागले नाहीत. "पुढच्या वर्षी," म्हणाले.

हे तिसरं वर्ष होतं. उजेड आला तो आधी समोरच्या कड्यावर, वरून खाली उतरत. दगड फोडताना पाडलेल्या भोकांची एकेक रांग दिसायला लागली, कुणी पट्टीने आखल्यासारखी. मग तो पाण्याला लागला. बाबांनी अकरा वेळा बटण दाबलं, घाई न करता. मग छोट्या पडद्यावर वाकून पाहिलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

"बघ," म्हणाले.

मी पाहिला. मला फोटोंतलं फारसं कळत नाही, पण जे समोर पाहिलं होतं त्याहून ते खरं वाटत होतं.

"हा भिंतीवर लावू," बाबा म्हणाले. आपला एकही फोटो त्यांनी तोवर घरात लावू दिला नव्हता.

घरी आल्यावरची पद्धत ठरलेली होती. बाबांचा संगणकावर विश्वास नव्हता आणि माझ्यावर होता. मी कॅमेरा वायरने जोडायचा, फोटो संगणकावर उतरवून घ्यायचे. मग बाबा दारात येऊन विचारायचे, "उतरवलं?" मी म्हणायचं, "उतरवलं." तेव्हाच ते कॅमेरा नेऊन कार्ड पुसायचे, कारण प्रत्येक वेळी कोऱ्या कार्डाने सुरुवात करायची अशी सरांची शिस्त. ही प्रश्नोत्तरं त्यांच्या ऑफिसातून आली होती. तिथे एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने मोजणीच्या वहीशी ताडून "मिळालं" म्हणायचं, मगच शाई. माणसाच्या आवाजावर शाई पडायची.

त्या दिवशी मी कॅमेरा जोडला आणि पुस्तक हातात घेतलं. वीस पानं उरली होती. मी वाचनालयात नोकरी करते. दिवसभर पुस्तकं दुसऱ्यांच्या हातात देते, माझ्या वाट्याला रविवार येतो. म्हटलं, एवढं संपवू आणि मग उतरवू.

"उतरवलं?" बाबांनी दारातून विचारलं.

"उतरवलं," मी मान वर न करता म्हणाले.

ते आत आले, वायर काढली, कॅमेरा घेऊन गेले. माझ्या लक्षात यायला दीड पान गेलं. मी उठून त्यांच्या खोलीत गेले तेव्हा कार्ड पुसून झालं होतं आणि ते कॅमेरा पिशवीत ठेवून चेन लावत होते. "उद्यासाठी तयार," म्हणाले. मी परत आले आणि खुर्चीत बसून राहिले. ती वीस पानं मी अजून वाचलेली नाहीत.

संध्याकाळी त्यांनी आईला हाक मारली. "ये, मोठ्या पडद्यावर दाखवतो." आई हात पुसत आली. बाबांनी एक फोल्डर उघडलं, दुसरं उघडलं, चष्मा काढून पुन्हा घातला. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते.

"आजचे कुठे आहेत?"

त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हिशेब जुळत नसला की पाहायचे तसं.

"मी विचारलं होतं ना तुला? उतरवलं का म्हणून?"

हो म्हणणं अवघड नव्हतं. बाबा आयुष्यात दोनदा ओरडले असतील माझ्यावर. चाळिशी उलटलेली बाई मी. बापाच्या रागाला भ्यायले असं म्हणायचीही सोय नाही. पण पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही बाबा. आज नाही विचारलंत."

त्यांनी उघडलेलं फोल्डर बंद केलं. मग म्हणाले, "पण मला आठवतंय. तुझा आवाजसुद्धा आठवतोय."

"रोजचं आठवत असेल," आई म्हणाली.

बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे सुरू झालं," म्हणाले.

काय सुरू झालं ते आम्हा तिघांनाही कळलं. बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका, शेवटची सहा वर्षं आपलंच घर ओळखत नव्हते. त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती, न केलेलं आठवायला लागलं होतं. बाबा त्यांना अंघोळ घालायला जायचे. तिथून आले की शब्दकोडं सोडवायला बसायचे, सगळं सुटेपर्यंत उठत नसत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा पहाटे खाणीवर जायला लागलो. मी रजा टाकली. नऊ दिवस ढग होते. मी टॉर्च घेऊन उभी राहायचे, बाबा नेम धरायचे, मी बाजूला व्हायचे आणि खाचेत करडं उजाडायचं. तरी ते फोटो काढायचे, "हात बसायला." घरी आल्यावर "उतरवलं?" विचारायचे आणि मी "उतरवलं" म्हटलं की वहीत लिहायचे: विचारलं. उत्तर मिळालं. वेळ. मग माझ्यापुढे वही धरायचे. "सही कर." मी सही करायचे.

रोज वाटे, आज सांगू. चौथ्या दिवशी गाडीत मी "बाबा" म्हटलं. ते म्हणाले, "हं?" आणि मी म्हणाले, "काच पुसू का?"

पुढच्या रविवारी वर्गात त्यांनी स्वतःच किस्सा सांगितला, स्वतःवर हसत. सूर्यास्त म्हणाले, "तीन वर्षांची तपश्चर्या आणि एका बटणात मोक्ष!" सगळे हसले. बाबाही हसले. मीसुद्धा हसले.

कार्डातून पुसलेले फोटो परत काढता येतात असं ऐकून मी कार्ड गुपचूप दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "यावर नंतर काही काढलंय?"

"नऊ दिवसांचे ढग."

"मग ढगांनी जागा घेतली त्यांची." तरी त्यांनी दोन दिवस खटपट केली. त्या सकाळचं निघालं ते एवढंच, मी. नेम धरण्यासाठी काढलेला फोटो. छातीपासून वर मी, डोळे बारीक केलेले, आणि खाली सगळा करडा पट्टा. खाण नाही, पाणी नाही. तो बाबांना दाखवायचा तर कार्ड दुकानात का नेलं ते सांगावं लागलं असतं. मी तो कुणाला दाखवला नाही.

घरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या. गॅसपाशी: बंद केला का? दारापाशी: किल्ली. बाबा गॅस बंद करून चिठ्ठी वाचून पुन्हा बघायला जायचे. एकदा डॉक्टरांकडेही जाऊन आले. डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला लावले, चित्रं ओळखायला लावली आणि म्हणाले, "काका, तुम्ही माझ्यापेक्षा तल्लख आहात." बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "सुरुवातीला कळत नाही. दादाच्या वेळी पण असंच म्हणाले होते."

कॅमेरा त्यांनी हळूहळू माझ्याकडे सोपवला. आकाशावर उजेड कसा मोजायचा, ट्रायपॉडचा एक पाय नेहमी उताराकडे का ठेवायचा, सगळं शिकवायचे. "मी विसरायच्या आत," म्हणायचे. मी लक्ष देऊन ऐकायचे. तेवढंच मी करत होते; खरं सांगणंही करता येत होतं, ते मात्र करत नव्हते.

खाणीनंतरच्या सहाव्या रविवारी सकाळी वर्गाला निघताना बाबा बूट घालायला खाली वाकले आणि तसेच बाजूला कलंडले. एक बूट पायात होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. डोक्याचा काही संबंध नव्हता. मला आठवतं, मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, "डोक्याचा नाही ना?" त्यांना मी धक्क्यात आहे असं वाटलं असावं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगायची. "लवकर गेले, पण सुटले. दादांसारखं झालं असतं हो. सुरुवात झालीच होती." हे म्हणताना तिचा आवाज स्थिर व्हायचा. त्या वाक्यावर ती उभी होती. मी चहा घेऊन यायचे आणि जायचे. मेलेल्या माणसाला खरं सांगून काय होणार होतं? आणि जिवंत माणसाच्या पायाखालचं एवढं एक काढून घ्यायचं कशासाठी? असे प्रश्न पुस्तकांत वाचताना मी समासात रेघा मारत आले आहे.

तीन महिन्यांनी वर्गाचं वार्षिक प्रदर्शन झालं, एका शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये. एक भिंत बाबांची होती. चौदा फोटो, चौदा सरळ क्षितिजं. आई चांगली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. सर बोलायला उभे राहिले. त्यांनी बाबांची चिकाटी सांगितली, लेव्हल सांगितली, आणि मग खाणीचा किस्सा. "तीन वर्षं वाट पाहिली, फोटो मिळाला, आणि आमच्या लेव्हलकाकांनी न उतरवताच कार्ड पुसलं! इतका काटेकोर माणूस, पण वय कुणाला चुकलंय? त्यांचा सगळ्यात चांगला फोटो या भिंतीवर नाही."

लोक मायेने हसले. आईने शेजारच्या बाईंचा हात धरला आणि म्हणाली, "शेवटी शेवटी काही राहतच नव्हतं हो त्यांच्या लक्षात."

सर माझ्याकडे वळले. "घरच्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी उठले. माझ्या हातात आभाराचा कागद होता, नावं लिहिलेली. माईक माझ्यापेक्षा उंच होता. सूर्यास्तांनी येऊन तो खाली केला. मी आईकडे पाहिलं. ती मान हलवत होती, बोल, बोल.

"बाबा विसरले नव्हते," मी म्हणाले.

माझा आवाज हॉलमध्ये फारच मोठा आला. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.

"त्यांनी मला विचारलं होतं. उतरवलं का म्हणून, दारात उभं राहून, नेहमीसारखं. मी हो म्हणाले. उतरवलं नव्हतं. मी वाचत होते. संध्याकाळी त्यांनी मला परत विचारलं, मी विचारलं होतं ना, आणि मी नाही म्हणाले." आईचा हात त्या बाईंच्या हातातून सुटला. "आई, त्यांना सगळं बरोबर आठवत होतं. माझा आवाजसुद्धा."