कुणाचं अक्षर आहे?

प्रताप आणि मंजूषा पेढे घेऊन घरी आले, तिथेच जयंतीला शंका यायला हवी होती. वर्षभर ती रस्त्यात दिसली की यांच्या सायकली पलीकडच्या फुटपाथला वळायच्या, आणि आज अचानक तिच्या हातच्या चहाची आठवण!

प्रताप मराठी मंडळाचा अध्यक्ष, मंजूषा सचिव. बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या ज्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती बसायचा, महापालिकेच्या त्या हॉलचा यंदा नवा नियम निघाला होता. हॉल हवा असेल तर आपल्या मुलांसाठी एक सत्र घ्यायचं. मुलगा नि मुलगी एवढ्यावरच माणसं संपत नाहीत, कुणाला कुणाची ओढ वाटावी हे बाकीच्यांनी ठरवायचं नसतं, असं सगळं मुलांशी मोकळेपणाने बोलायचं. महापालिकेची एक बाई स्वतः येऊन बसणार होती.

"तर वहिनी, आम्हाला वाटलं, आपली चैत्राली आहेच की!" प्रताप म्हणाला. "दोन शब्द बोलेल. आपलं मंडळ किती मोकळ्या मनाचं आहे, ते बाईंनाही दिसेल."

आपली चैत्राली! जयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या वर्षी कुठे होती रे तुमची आपली चैत्राली?

चैत्राली जयंतीची मुलगी, एकोणीस वर्षांची. मंडळाच्या ढोलपथकात ती पाच वर्षं पुढे उभी राहिली, लहान मुलींना ठेके शिकवले, थंडीत हाताची सालटी निघाली तरी सराव चुकवला नाही. मागच्या उन्हाळ्यात तिने पथकातल्या मैत्रिणींना सांगितलं, की तिचं एका मुलीवर प्रेम आहे. लपवायचं काय त्यात, असं त्या पोरीला वाटलं. चौथ्या दिवशी प्रतापचा फोन. "आमचं काही नाही हो वहिनी, पण पालक कुरकुरतायत. लहान मुली शिकतात तिच्याकडे. यंदा तिला जरा विश्रांती देऊ या का?" विश्रांती म्हणे! ढोल वाजवणारी पोर काय बाळंतीण होती?

पण जयंतीचा खरा संताप प्रतापवर नव्हता. नवरा, श्रीनिवास, म्हणाला, "वाद नको, आपल्याला याच लोकांत राहायचंय." आणि जयंतीने, हो, जयंतीनेच, स्वतःच्या बोटांनी ग्रुपवर लिहिलं, "चैत्रालीची परीक्षा असल्याने ती यंदा पथकात नसेल." खाली चाळीसेक जणांनी हात जोडले, कुणी शुभेच्छा दिल्या. चैत्रालीने तो मेसेज वाचला आणि एवढंच विचारलं, "आई, कसली परीक्षा?" सप्टेंबरात पोरगी शिकायला द हेगला गेली, आणि तेव्हापासून पाऊण तासाच्या अंतरावरून ती दोनदा घरी आली होती. दोनदा!

म्हणून तर जयंतीने पेढेवाल्यांना हाकललं नाही. या निमित्ताने का होईना, पोर घरी येईल, असा लोभ सुटला तिला. तिने फोन लावला.

चैत्रालीने सगळं ऐकून घेतलं. "मला परत घेतायत, की दाखवायला नेतायत?"

जयंती पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावत बसली.

"मग मी नाही येत. तू जा. आणि मी का नाही आले असं कुणी विचारलं ना, तर या वेळी खरं सांग. एवढंच कर, आई."

"सांगते," जयंती म्हणाली. म्हणाली खरी, पण तिची तिलाच खात्री नव्हती.

रविवारी दुपारी दोनला हॉल भरला. पुढे मुलं, मागे आईवडील, कडेला महापालिकेची उंच, हसरी बाई. मंजूषाने वडे आणले होते. प्रतापने पडद्यावर एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली आणि, खोटं कशाला बोला, माहिती चोख होती. जन्मताना डॉक्टरांनी मुलगा म्हटलं तरी एखादी मुलगी असू शकते. एखाद्याला या दोन्हींतलं काहीच आपलं वाटत नाही. यातलं काहीही आजार नाही, लाड केल्याने होत नाही आणि इथल्या हवापाण्यानेही होत नाही. मुलं जांभया देत होती, त्यांना हे शाळेत कधीच शिकवून झालेलं. ज्यांनी शिकायला हवं होतं ते मागे बसून वडे खात होते.

"चैत्राली नाही आली?" कुणीतरी विचारलंच.

जयंतीने श्वास घेतला, तोंड उघडलं, तेवढ्यात प्रताप माइकवरून म्हणाला, "तिला कॉलेजचं काम निघालं हो!" आणि जयंती तोंड उघडं ते उघडंच ठेवून बसली. शी! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला.

मग चिठ्ठ्यांचा कार्यक्रम झाला. मुलांनी नाव न घालता प्रश्न लिहायचा, तोही मराठीत. मंडळाचे रविवारचे मराठीचे वर्ग जयंती घ्यायची, म्हणून डबा घेऊन चिठ्ठ्या गोळा करायचं काम तिच्याकडे आलं. प्रताप एकेक चिठ्ठी वाचून उत्तर देत होता. ती डबा धरून शेजारी उभी होती. सहावी चिठ्ठी त्याने उघडली, पाहिली, घडी केली आणि झब्ब्याच्या खिशात टाकली. "हा प्रश्न जरा विषयाला सोडून आहे. पुढचा घेऊ."

जयंतीने तो वाचला होता. 'मी पण चैत्राली ताईसारखी असेन तर मला पण पथकातून काढणार का?'

आणि अक्षर? ते तर पहिल्या नजरेतच ओळखलं. आधी पट्टीने आडवी रेघ मारायची आणि मग एकेक अक्षर तिला लटकवायचं, असं वर्गात एकच मुलगी लिहायची. चौदा वर्षांची ईशानी, मंजूषाची मुलगी.

जयंतीने सरळ प्रतापच्या खिशात हात घातला.

"अहो वहिनी! काय करताय?"

"विषयावर आणतेय," ती म्हणाली, आणि माइक ओढून तिने ती चिठ्ठी खणखणीत आवाजात वाचली.

क्षणभर जयंतीला वाटलं, आता कुणीतरी उठेल, निदान एक माणूस म्हणेल, की नाही गं बाळा, नाही काढणार. उठल्या खऱ्या बायका! पण कशासाठी? "कुणाचं अक्षर आहे? बघू, बघू!" माना उंच करत चारपाच जणी पुढे आल्या, आणि सगळ्यांच्या पुढे मंजूषा. "आण इकडे जयंती, मी ओळखते सगळ्यांची अक्षरं!" तिसऱ्या रांगेत ईशानी खाली मान घालून बसली होती. तिचे कान लालबुंद झाले होते.

जयंतीने चिठ्ठी टराटरा फाडली आणि तुकडे प्रतापच्या वाफाळत्या चहात बुडवले. चमच्याने ढवळलेसुद्धा.

"बसा खाली!" ती ओरडली. "पोरं एक विचारतायत आणि तुम्ही अक्षरं कसली ओळखताय? लाज वाटत नाही? उत्तर मी देते. ज्या कुणी लिहिलंय त्या लेकराने नीट ऐकावं. हो, काढतील. गोड बोलून काढतील. मागच्या वर्षी चैत्रालीला काढलं. तिची परीक्षा नव्हती. ती मी खोटी लिहिली. तिच्या आईने. या प्रतापला नुसता फोन करावा लागला, बाकीचं काम मी केलं. आणि तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेत! तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं!" तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "आता हॉल मिळवायला तिला पेढे काय! ती नाही येणार. तिला कॉलेजचं काम बीम काही नाही. तिला तुमचं तोंड बघायचं नाही, आणि माझंही नाही."

महापालिकेची बाई गोंधळून बघत होती. जयंतीने तेच सगळं आपल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये तिलाही सांगून टाकलं. तोवर प्रताप "वहिनी, हॉल जाईल हो," एवढंच पुटपुटत राहिला. त्याही वेळी त्याला हॉलच दिसत होता.

ती बाहेर आली. सायकल स्टँडपाशी तिने चैत्रालीला दोनच शब्द पाठवले, 'खरं सांगितलं.' इतक्यात मागून मंजूषा धापा टाकत आली. तिने जयंतीचा दंड धरला.

"तू वर्गात वह्या तपासतेस. एकच सांग. माझ्या ईशानीचं नव्हतं ना गं ते?"

जयंतीने तिच्याकडे पाहिलं. सांगायचं कसं? ज्या पोरीने नाव घातलं नाही, तिचं नाव आपण फोडायचं?

"नाही," ती म्हणाली. "ईशानीचं नव्हतं."

"सुटले गं बाई!" मंजूषाने छातीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "माझा तर जीवच गेला होता. कुणाचंही असू दे, फक्त आपल्या घरात नको!"

ईशानी तिच्या मागे दोन पावलांवर उभी होती. आईचं जॅकेट हातात घेऊन.

तिने ते जॅकेट आईच्या सायकलच्या सीटवर ठेवलं, आपल्या सायकलचं कुलूप काढलं आणि कुणाकडेही न बघता निघाली. जयंतीचे डोळे तिच्यामागे गेले, आणि मंजूषाने ते डोळे पाहिले. वळून तिने लेकीची पाठ पाहिली. मग पुन्हा जयंतीकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"जयंती..."

"मला काय हाका मारतेस?" जयंती कडाडली. "ती चाललीये बघ! मी उभी राहिले होते अशीच, वर्षभर. उभी काय राहिलीस? जा!"