डाव्या गुडघ्याचा माग

दोन वर्षांत तिसऱ्यांदा दादाचा डावा गुडघा सुजला, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आतली गादी थोडी फाटलीय, व्यायामावर भागेल. पण पुन्हा सुजला तर ऑपरेशन, आणि मग गुडघे टेकून काम करणं बंद. ज्याचा सगळा जन्म फरश्या बसवण्यात गेला, त्याला हे सांगायचं!

व्यायामात त्याने कधी कुचराई केली नव्हती. फिजिओथेरपीच्या बाईंनी दहा वेळा सांगितलं, तर हा पठ्ठ्या बारा वेळा करी. तरी कामावर परतला की पंधरा दिवसांत गुडघा टम्म.

“जिना चढताना दुखत नाही, नुसतं टेकूनही दुखत नाही,” बाई म्हणाल्या. “मग कामावर तुम्ही करता तरी काय?”

हा प्रश्न काही त्याच्या डोक्यातून हलेना. खरंच, आपण करतो काय? तीस वर्षांत त्याने फरशी सोडून स्वतःकडे पाहिलंच नव्हतं.

सूज उतरून तो कामावर गेला. एक रांग बसवली, उठला आणि मागच्या कोऱ्या जमिनीवर वाकला. सिमेंटच्या धुळीत उजव्या गुडघ्याचे साधे ठसे होते. डाव्याचा मात्र प्रत्येक ठसा गरकन फिरलेला. अठरा फरश्या, अठरा वळसे.

“धुळीत काय शोधतोस, दादा? अंगठी पडली का?” शेजारच्या खोलीतून धाकटा भाऊ डोकावला. दोघं जोडीनेच काम करत.

दादा पुन्हा बसला, मुद्दाम सावकाश. थापी घेतली, सिमेंटचा माल घ्यायला वळला, आणि सापडलं! घमेलं उजवीकडे मागे होतं. सगळं अंग डाव्या गुडघ्यावर फिरत होतं. बसवलेल्या फरशीवर माल सांडू नये म्हणून वडिलांनी दोघांना घमेलं तिथेच ठेवायला शिकवलं होतं.

त्याने बसवलेल्या फरशीवर गोणपाट अंथरून घमेलं पुढे हाताशी ओढलं. भावालाही सांगितलं, त्याने हसण्यावारी नेलं.

व्यायाम चालूच होता. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि ऑपरेशनचा विषय मिटवला. दादा आनंदाने तडक कामावर आला. भाऊ भिंतीला धरून उठत होता. त्याच्यामागे धुळीत तसेच वळसे होते.

“तुझाही दुखतो?”

“दीड वर्ष झालं.” धाकटा थापी पुसत राहिला. “तू घरी बसलेला. मीही बसलो असतो तर काम कुणी केलं असतं?”

आपल्याच गुडघ्याच्या नादात इतके दिवस शेजारच्या खोलीत पाहिलंसुद्धा नाही, याची दादाला लाज वाटली.

“बाईंकडे जा. आत्ता.”

“आणि ही रांग?”

“मी आहे ना,” दादा म्हणाला. भावाचं घमेलं त्याने पुढे ओढलं आणि दोन्ही गुडघे टेकले.